चोवीस रकान्यांचा कागद

अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक भला मोठा कागद असतो. वर तासांचे चोवीस रकाने आणि डावीकडे खाली उतरत जाणारी यादी: नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, ताप, ऑक्सिजन, व्हेंटिलेटरची सेटिंग्ज, किती सलाइन गेलं, लघवी किती झाली, ड्रेनमधून काय आलं, शुद्ध किती आहे. काही रुग्णालयांत हाच तक्ता आता संगणकावर भरतात. नव्याने रुजू झालेल्या सिस्टरचं पहिलं काम म्हणजे दर तासाला यातला एक उभा रकाना भरणं. ते दोन-चार दिवसांत जमतं. तोच कागद आडवा वाचायला मात्र कित्येक महिने लागतात. आयसीयूचा अनुभव म्हणतात त्याचा मोठा हिस्सा या आडव्या वाचनात आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, आतडं फाटल्यामुळे पोटाचं ऑपरेशन झालेला साठ किलो वजनाचा रुग्ण आहे. रात्री दोनला नाडी ९६, रक्तदाब ११८/७०, श्वास १८, तासाभराची लघवी ४० मिलिलीटर. तीनला नाडी १०४, रक्तदाब ११२/६८, श्वास २२, लघवी ३०. चारला नाडी ११२, रक्तदाब १०८/६६, श्वास २६, लघवी २०. मॉनिटरवर अलार्मची मर्यादा नाडीला १२० आणि वरच्या रक्तदाबाला ९० अशी लावलेली असेल, तर या तीन तासांत एकदाही काही वाजणार नाही. चारच्या रकान्यातला रक्तदाब एकटा पाहिला तर चांगलाच म्हणावा लागेल. पण ओळी आडव्या वाचल्या की नाडी चढतेय, श्वास चढतोय आणि लघवी उतरतेय हे दिसतं. लघवीचा साधा हिशेब तासाला किलोमागे अर्धा मिलिलीटर, म्हणजे या रुग्णाला निदान ३०. चारच्या सुमारास तो त्याखाली गेला आहे. पोटातला जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागल्याची ही सुरुवात असू शकते. रक्तदाब सगळ्यात शेवटी पडतो, आणि तो पडेपर्यंत हातातले मोलाचे तास निघून गेलेले असतात.

नवी मुलगी हे आकडे तंतोतंत लिहिते. जुनी सिस्टर ते लिहिता लिहिता थांबते. या दोघींमधलं अंतर कसं कापलं जातं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी माणूस, मग यंत्र

अतिदक्षता विभाग म्हटलं की डोळ्यांपुढे यंत्रं येतात, पण या विभागाचा जन्म यंत्रं अपुरी पडली तेव्हा झाला. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक येऊ लागले. छातीभोवती उणा दाब निर्माण करून श्वास देणारी तेव्हाची यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यांचा उपयोगही फारसा होत नव्हता. सुरुवातीच्या आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ऑपरेशन थिएटरमधली रीत वॉर्डात आणली. गळ्याला छेद घेऊन श्वासनलिकेत नळी घालायची आणि रबरी फुगा हाताने दाबून हवा आत ढकलायची. फुगा दाबायला चोवीस तास माणसं हवी होती. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून ते काम केलं. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात सर्व प्रकारच्या अत्यवस्थ रुग्णांसाठी कायमचा विभाग उघडला.

पुढच्या दशकात अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांसाठी वेगळे कक्ष निघाले. झटका आल्यावर हृदयाचं ठोके देणं अचानक थरथरीत बदललं, तर काही मिनिटांत विजेचा धक्का द्यावा लागतो. डॉक्टर येईपर्यंत उशीर झालेला असतो. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर हे डॉक्टर आणि रोझ पिनिओ या परिचारिका यांनी ठरवलं की ईसीजी वाचायचा आणि धक्का द्यायचा तो खाटेजवळच्या परिचारिकेनेच. त्या काळात हा निर्णय धाडसाचा होता. तोवर परिचारिकेने निरीक्षण करून कळवायचं आणि निर्णय डॉक्टरने घ्यायचा अशी विभागणी होती. इथून पुढे आयसीयूतली परिचारिका स्वतः ठरवणारी, स्वतः हालचाल करणारी व्यक्ती झाली. भारतात या विद्येला स्वतंत्र शाखेचं रूप यायला बराच काळ लागला. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन ही संघटना मुंबईत १९९३ मध्ये स्थापन झाली.

दार कसं उघडतं

आपल्याकडे तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम पुरा केला आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की मुलगी नोकरीला पात्र ठरते. शिकताना तिची आयसीयूत काही आठवडे पोस्टिंग झालेली असते, पण विद्यार्थिनीला तिथे बहुतेक वेळ भिंतीला पाठ लावून पाहावं लागतं. नाडी-बीपी घ्या, बेड करा, फाइल आणा. इन्फ्युजन पंपाला हात लावायची मुभा क्वचितच मिळते.

म्हणून एक जुना सल्ला सगळीकडे ऐकू येतो: आधी वर्षभर जनरल वॉर्ड कर, मग आयसीयू माग. त्यात तथ्य आहे. वॉर्डात हाताला वेग येतो, शिरा सापडू लागतात, औषधांची नावं तोंडात बसतात आणि बरा होत चाललेला माणूस कसा दिसतो हे कळतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण बिघडणारा रुग्ण ओळखायला बरा होणारा रुग्ण पाहिलेला असावा लागतो. पुढच्या शिक्षणाचे नियमही याच दिशेने आहेत. भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. त्यासाठी बीएस्सीनंतर किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव मागितला जातो. क्रिटिकल केअर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहे.

प्रत्यक्षात मात्र खाजगी रुग्णालयांना आयसीयूसाठी माणसं कायम कमी पडतात. अनुभव घेतलेल्या सिस्टर सरकारी भरतीत लागतात, आखातात किंवा इंग्लंडला जातात. त्यांच्या जागी थेट कॉलेजातून आलेल्या मुली-मुलांना घेतलं जातं. म्हणजे ‘आधी वॉर्ड की थेट आयसीयू’ हा निर्णय बऱ्याचदा तिच्या हातात नसतोच. थेट आयसीयूत गेल्याने काही बिघडतं असंही नाही. बिघडतं ते पहिले तीन महिने तिला एकटीला रुग्ण सोपवला तर.

पहिले तीन महिने

चांगल्या विभागात या काळात नवी सिस्टर मोजणीत धरली जात नाही. तिच्यासोबत एक ठरलेली जुनी सिस्टर असते. दोघी मिळून तेच रुग्ण सांभाळतात. पहिल्या आठवड्यात नवीने बघायचं आणि जुनीने करायचं, नंतर नवीने करायचं आणि जुनीने बघायचं.

शिकण्याची खरी सुरुवात होते ती ओव्हर घेताना, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण ताब्यात घेताना. आयसीयूतली ओव्हर काउंटरवर बसून होत नाही, ती खाटेशी उभं राहून होते. जाणारी आणि येणारी दोघी डोक्यापासून पायापर्यंत रुग्ण बघतात: शुद्ध, बाहुल्या, श्वासनलिकेतली नळी ओठाशी किती सेंटिमीटरवर बांधली आहे, कुठल्या लाइनमधून काय चाललंय, कॅथेटर, ड्रेन, पाठीवर लाली आहे का. पंपावरचा आकडा फाइलमधल्या आदेशाशी ताडून बघतात. तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही, हा पहिला धडा इथे मिळतो.

दुसरा धडा गणिताचा. रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरॲड्रेनॅलिन चालू आहे. चार मिलिग्रॅम औषध ५० मिलिलीटरच्या सिरिंजमध्ये पातळ केलं, तर एका मिलिलीटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम होतं. साठ किलोच्या रुग्णाला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम हवं असेल, तर मिनिटाला सहा, तासाला ३६०, म्हणजे पंपाची गती ४.५ मिलिलीटर. शेजारच्या खाटेवर तेच औषध डबल स्ट्रेंथमध्ये भरलेलं असेल, तर त्याच ४.५ च्या गतीने दुप्पट डोस जाईल. म्हणून पंपावर नुसती गती वाचून भागत नाही, सिरिंजवरचं लेबलही वाचावं लागतं. या औषधाचा असर मिनिटांत ओसरतो. सिरिंज संपल्यावर दुसरी भरायला गेलं, तर तेवढ्या वेळात रक्तदाब कोसळतो. जुनी सिस्टर दुसरी सिरिंज आधीच भरून, लेबल लावून ठेवते. त्या लाइनमधून दुसरं कुठलंही इंजेक्शन ती ढकलत नाही, कारण नळीत साचलेलं नॉरॲड्रेनॅलिन एका दमात आत जाईल आणि रक्तदाब एकदम भडकेल.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे बऱ्याच बाटल्यांत एका मिलिलीटरला ४० युनिट असतात, तर काही प्रकारांत १००. चाळीसच्या सिरिंजची टोपी लाल, शंभरच्या सिरिंजची नारिंगी. ५० युनिट मोजून ५० मिलिलीटर सलाइनमध्ये टाकायचं असेल, तर चाळीसच्या बाटलीतून १.२५ मिलिलीटर घ्यावं लागतं. बाटली शंभरची समजून अर्धा मिलिलीटर घेतलं, तर फक्त २० युनिट पडतात. मग साखर खाली का येत नाही म्हणून पंपाची गती वाढवत न्यायची, आणि पुढच्या पाळीत कुणी बरोबर मिश्रण भरलं की त्याच गतीवर साखर धोक्याच्या पातळीखाली घसरते. असली औषधं दोघींनी मोजायची असा नियम यासाठीच असतो. रात्री तीनला दुसरीला हाक मारायचा संकोच वाटतो. त्या संकोचावर मात करणं हाही प्रशिक्षणाचाच भाग.

तिसरा धडा अलार्मचा. व्हेंटिलेटर वाजला की नव्या मुलीचा हात आधी अलार्म गप्प करणाऱ्या बटणाकडे जातो. जुनी सिस्टर आधी रुग्णाच्या छातीकडे बघते: हलतेय का, दोन्ही बाजूंनी सारखी हलतेय का. दाब वाढल्याचा अलार्म असेल तर रुग्ण खोकत असेल, नळी चावत असेल, कफ साचला असेल, नळीला पीळ पडला असेल किंवा सर्किटमध्ये पाणी जमलं असेल. दाब कमी झाल्याचा असेल तर कुठलं तरी जोडकाम सुटलं आहे. कारण सापडत नाही आणि ऑक्सिजन उतरतोय, अशा वेळी हाक मारून माणसं गोळा करायची, रुग्णाला मशीनवरून काढायचं आणि अंबू बॅगने शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा. बॅगवर रुग्ण सुधारला तर दोष मशीनकडे. बॅग दाबताना हाताला जड लागली तर दोष नळीत किंवा फुप्फुसात. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी दाबलेल्या फुग्याचा हा वारस आजही प्रत्येक खाटेच्या उशाशी लटकत असतो.

बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्यालाही मर्यादा आहेत. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात शोधलेल्या तत्त्वावर तो चालतो. बोटातून दोन रंगांचा प्रकाश सोडायचा आणि नाडीच्या ठोक्याबरोबर तो किती शोषला जातो ते मोजायचं. बोट गार पडलं, रक्तपुरवठा मंदावला किंवा नखांवर गडद नेलपॉलिश असलं की आकडा भरवशाचा राहत नाही. पडद्यावर लहर नीट उमटत नसेल, तर शेजारच्या आकड्याला अर्थ नाही. हे पुस्तकात असतं, पण पटतं ते एकदा ८२ आकडा बघून धावत गेल्यावर, रुग्ण शांतपणे आपल्याकडे बघत असलेला दिसला की.

या सगळ्यात काही गोष्टी डॉक्टरांपेक्षा मावशी आणि मामा जास्त चांगल्या शिकवतात. जडशरीर रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवताना कुणी कुठे उभं राहायचं, चादर कशी मुठीत धरायची, आधी कुठल्या नळ्या मोकळ्या करायच्या, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. डोक्याशी सिस्टर, एका हातात श्वासाची नळी, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं तिनेच. नळी निसटण्याचे बरेच प्रसंग याच हालचालीत घडतात.

आणि शुद्ध तपासणं. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलेली मोजपट्टी सगळीकडे वापरतात: डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल, मिळून ३ ते १५ गुण. पण झोपेच्या औषधाखालून बाहेर येणारे एखादे आजोबा ‘पेशंट, डोळे उघडा’ या हाकेला ओ देत नाहीत आणि ‘आण्णा’ म्हटलं की पापण्या हलवतात. घरी काय हाक मारतात ते नातेवाइकांना विचारून तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवणारी सिस्टर मोजमापातही अचूक असते.

फोन कसा करायचा

पहाटे चारला आडवी ओळ वाचता आली, पण ती डॉक्टरांना सांगता आली नाही, तर वाचल्याचा उपयोग शून्य. नवी मुलगी फोनवर म्हणते, “सर, बेड चारचा पेशंट जरा बरा वाटत नाहीये.” पलीकडून विचारणा होते, बीपी किती? १०८. मग ठीक आहे, बघत राहा. संपलं.

तीच गोष्ट अशी सांगता येते: “सर, बेड चार, पोटाचं ऑपरेशन, दुसरा दिवस. दोन तासांत पल्स ९६ वरून ११२, श्वास १८ वरून २६, लघवी ४० वरून २० एमएल झालीय. बीपी अजून १०८ आहे, पण मला सेप्सिसची शंका वाटते. तुम्ही येऊन बघावं. तोवर रक्ताच्या तपासण्या, एबीजी आणि लॅक्टेट, पाठवू का?” कोण, काय होतं, आता काय दिसतंय, काय हवंय. या चौकटीला एसबीएआर म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून ती रुग्णालयांत आली. हाताखालच्या माणसाला वरिष्ठाशी थोडक्यात आणि ठामपणे बोलता यावं, हा तिचा हेतू. आपल्याकडे तर तिची गरज जास्तच आहे, कारण ‘मला शंका वाटते’ हे वाक्य सिस्टरने डॉक्टरला म्हणायचं असतं, हे कॉलेजात फारसं कुणी शिकवत नाही.

नवखी ते जाणती

परिचारिका अनुभवी कशी होते याचा नीट अभ्यास अमेरिकेत झाला. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ च्या आपल्या पुस्तकात, कॉलेजातून बाहेर पडलेल्या परिचारिकेला पहिल्या नोकरीत बसणाऱ्या धक्क्याचं वर्णन केलं. शिकवलेली आदर्श सेवा आणि वॉर्डातली धावपळ यांचा मेळ बसत नाही आणि पुष्कळजणी पेशाच सोडतात. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, पॅट्रिशिया बेनर यांनी नवखेपणापासून तज्ज्ञतेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवखी नियमावर चालते. पुढच्या पायरीवर तिला ठरावीक प्रसंग ओळखू येतात. त्याच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढल्यावर ती पुढचा अंदाज बांधून कामांची क्रमवारी लावू शकते. तज्ज्ञ परिचारिकेला काहीतरी चुकतंय हे आधी जाणवतं आणि कारण मागाहून सापडतं.

बेनर यांचं आणखी एक निरीक्षण मोलाचं होतं. विभाग बदलला की जाणती परिचारिकाही पुन्हा खालच्या पायरीवर येते. २०२० मध्ये कोविडने ते आपल्याला दाखवून दिलं. वॉर्डात, थिएटरमध्ये, ओपीडीत वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टर जुजबी प्रशिक्षणावर आयसीयूत उभ्या केल्या गेल्या. जिथे त्यांची जोडी आयसीयूतल्या सिस्टरशी लावली, तिथे त्यांचा उत्तम उपयोग झाला. औषधं, स्वच्छता, रुग्णाला वळवणं, नातेवाइकांशी फोनवर बोलणं ही कामं त्या सफाईने करत आणि व्हेंटिलेटरकडे दुसरी बघत असे.

या वाटेवर पहिला मृत्यूही येतो. अर्धा तास छाती दाबून उपयोग होत नाही, डॉक्टर वेळ सांगतात, सिस्टर नळ्या काढते, अंग पुसते, कागद भरते. बाहेर नातेवाईक उभे असतात आणि तासाभरात त्याच खाटेवर नवा रुग्ण येणार असतो. अशा पाळीनंतर इनचार्ज सिस्टरने दहा मिनिटं बसवून, काय झालं, काय बरोबर केलं, कुठे उशीर झाला, एवढं बोलून घेतलं तरी मुलगी टिकते. ते कुणीच न केल्याने नोकरी सोडलेल्या मुली प्रत्येक शहरात भेटतात.

अनुभव कशाला म्हणायचं

परिचर्या परिषदेचा निकष आयसीयूत दर पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका असा आहे. प्रत्यक्षात दोन, कधी तीन रुग्ण एकीकडे असतात. तीन अत्यवस्थ रुग्ण असलेली सिस्टर दर तासाला तीन रकाने कसेबसे भरते, तिला आडवं वाचायला सवड मिळत नाही. तिथे तीन वर्षं काढली तरी पहिल्याच वर्षाची तीनदा उजळणी होते. अनुभवाच्या प्रमाणपत्रावर मात्र ‘तीन वर्षे’ असंच लिहून येतं.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्या नव्या सिस्टरने पगारासोबत चार गोष्टी विचाराव्यात. एका पाळीत किती व्हेंटिलेटरचे रुग्ण एकीकडे असतात? सुरुवातीला कुणाबरोबर काम करायचं आणि किती दिवस? औषधांच्या मिश्रणाचे लेखी तक्ते आहेत का? बीएलएस आणि एसीएलएस या जीवरक्षक उपचारांचं प्रशिक्षण रुग्णालय देतं का? पगाराचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही महिना २० हजारांहून कमी वेतन नसावं, अशी शिफारस केली होती. शिफारस आणि हातात पडणारा पगार यांत आजही अंतर आहे, आणि सिस्टर टिकत नाहीत याचं ते एक उघड कारण आहे.

त्या टिकत नाहीत म्हणून आपल्या कितीतरी आयसीयूंमध्ये नवीला शिकवणारी ‘सीनियर’ स्वतःच जेमतेम दोन वर्षांपूर्वी पास झालेली असते. तिला येत नाही असं नव्हे, पण स्वतःचे दोन रुग्ण सांभाळून तिने शिकवायचं असतं आणि तो वेळ कुठल्याच तक्त्यात धरलेला नसतो. रुग्णालयांच्या जाहिराती अनुभवी परिचारिका मागतात. अनुभवी परिचारिका तयार होतात त्या कुणीतरी आपल्या पाळीतले तास त्यांच्यावर खर्च केल्यामुळे. ते तास ड्यूटीच्या यादीत लिहिले गेले पाहिजेत, शिकवणाऱ्या सिस्टरचे रुग्ण तेवढे कमी केले पाहिजेत आणि त्या कामाचे पैसेही तिला मिळाले पाहिजेत. व्हेंटिलेटरच्या खरेदीला मंजुरी देणाऱ्या बैठकीतच हा खर्चही मांडता येईल, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही.